उसना थकवा

डॉ. नर्गिस मुजावर यांनी दोन काचपट्ट्या यंत्राखाली सरकवल्या आणि वैजयंतीला भिंतीवरच्या पडद्याकडे बघायला सांगितलं. नखाएवढ्या पट्टीचं चित्र भिंतभर मोठं होऊन दिसत होतं. तांबूस, फांद्या फुटलेल्या, केसाहून बारीक नळ्या. माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत रक्तवाहिन्या.

"डावीकडच्या पट्टीत माझ्या रक्तातला द्रव आहे, उजवीकडच्या पट्टीत तुमच्या," नर्गिस म्हणाल्या. "आता दोन्हींना पळायला लावते."

त्यांनी कळ दाबली. आपण धावायला लागलो की स्नायू रक्तासाठी जी रासायनिक हाक देतात, तीच हाक दोन्ही पट्ट्यांत सोडली गेली. डावीकडच्या नळ्या बघता बघता फुगल्या, लालभडक झाल्या. उजवीकडे काहीच झालं नाही.

"पुन्हा करा," वैजयंती म्हणाली.

नर्गिसनी पुन्हा कळ दाबली. उजवीकडच्या नळ्या तशाच मिटलेल्या राहिल्या.

"या वाहिन्यांच्या भिंतींना दारं असतात असं समजा," नर्गिस सांगू लागल्या. "काम करायची वेळ आली की दारं उघडतात आणि स्नायूंना जास्त रक्त मिळतं. तुम्हाला तो ताप आला होता ना, तेव्हा विषाणूशी लढायला शरीरानं प्रतिपिंडं तयार केली. त्यातल्या काहींनी चुकून या दारांनाच शत्रू मानलं आणि बाहेरून कड्या घातल्या. विषाणू गेला, कड्या तशाच राहिल्या. तुम्ही पडून असता तेव्हा दार उघडायची गरजच नसते. म्हणून नाडी चांगली, हृदय चांगलं, रक्त चांगलं. सगळ्या तपासण्या झोपवून केलेल्या. पण तुम्ही उठून कामाला लागलात की स्नायू उपाशी राहतात, आतल्या आत जळतात, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला मान उचलवत नाही."

"मग इतकी वर्षं हे कुणालाच कसं दिसलं नाही?"

"कारण ही प्रतिपिंडं रक्तात मोकळी फारशी फिरत नाहीत, दारांना चिकटून बसतात. जिवंत दार समोर ठेवलं तरच सापडतात. ते आम्हाला आत्ता कुठे जमलं."

वैजयंती पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी ढोंग करत नव्हते."

"नव्हता, वैजयंतीताई."

इथे येणारे सगळे या क्षणाला रडायचे. नर्गिसनी सवयीनं रुमालांचा डबा पुढे सरकवला. पण वैजयंतीला रडू आलं नाही. तिच्या मनात एकच नाव आलं. सुधन्वा कारखानीस.

अकरा वर्षांपूर्वी वैजयंती मिरजेच्या एका शाळेत खेळ शिकवायची. स्वतः विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली. सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात धरणारं तेव्हा कुणी नव्हतं. त्याच्या काही वर्षं आधी लग्न होऊन ती कारखानिसांच्या घरात आलेली. नवरा मिहिर साधा, शांत, आणि सगळं थोरल्या भावाला विचारून करणारा. थोरले डॉ. सुधन्वा. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल, गावात मान, घरात त्यांचा शब्द शेवटचा. मिहिर त्यांना दादा म्हणायचा म्हणून तीही दादा म्हणू लागली.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला ताप आला. आठवड्यात उतरलाही. पण तापाबरोबर अंगातलं त्राणही गेलं ते गेलंच. केस विंचरायला हात वर धरवेना. सात वर्षांची ऋता शाळेच्या गप्पा सांगायला लागली की त्या ऐकतानासुद्धा दम लागायचा. दादांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत निकाल दिला.

"शरीरात काही नाही. मनात आहे. आणि खरं सांगू का, मनातही फार काही नाही, कामाचा कंटाळा आहे. रोज चालायचं. आज दहा मिनिटं, उद्या अकरा. दमलीस तरी थांबायचं नाही."

ती खेळाडू होती. सांगितलेलं ऐकायची तिला सवय होती. ती चालली. घेरी येत असताना चालली, पाय लोखंडाचे झाले तरी चालली, आणि एका सकाळी शाळेच्या फाटकात कोसळली ती वर्षभर अंथरुणातून उठलीच नाही. त्यानंतर घटस्फोट झाला. कोर्टात दादांनी शपथेवर सांगितलं, "बाई धडधाकट आहेत. आजाराचं सोंग आहे. मुलीचं करायची इच्छा नाही, एवढंच." ऋता बापाकडे गेली. पुढे मिहिर मस्कतला गेला, तिथे दुसरं लग्न करून राहिला, आणि ऋता काकांच्याच घरी वाढली. वैजयंती इचलकरंजीला आईच्या घरातल्या मागच्या खोलीत पडून राहिली. आई थकली, गेली. ऋता सुरुवातीला सुट्टीत यायची. मग तीही येईनाशी झाली. झोपून असलेल्या आईशी काय बोलायचं हे त्या पोरीला कळत नसे, आणि आई आळशी आहे हे तिनं घरात इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिला खरंच वाटायचं.

दादांचं नाव मात्र याच विषयात मोठं झालं. अशा थकव्याला आजार मानावं की नाही हे सरकारला सांगणाऱ्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष झाले. त्यांनी मानू नये म्हणून सांगितलं. राज्यभरातल्या हजारो माणसांना मग ना रजा मिळाली, ना अपंगत्वाचा दाखला, ना घरच्यांचा विश्वास.

उपचार सहा महिने चालले. एका यंत्रातून वैजयंतीचं रक्त फिरवायचे, त्यातली ती प्रतिपिंडं गाळून घ्यायचे, स्वच्छ रक्त परत अंगात सोडायचे. मग ती प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींवर औषध. एक दिवस ती नर्गिसच्या पुण्यातल्या संस्थेचा जिना चढून गेली आणि वरच्या पायरीवर बसून दुसऱ्या दिवसाची वाट बघू लागली. दुसरा दिवस उजाडला. ती उठली, चहा केला, पुन्हा जिना चढली.

तिच्या रक्तातून गाळलेला द्रव पिशव्यांत साठवलेला होता. फिकट पिवळा, पातळ वरणाच्या पाण्यासारखा.

"टाकून द्यायचा ना?" नर्गिसनी विचारलं.

"ठेवा," वैजयंती म्हणाली.

समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा सभागृह गच्च भरलं होतं. काही रुग्ण चाकाच्या खुर्च्यांत, काही डोळ्यांवर पट्ट्या बांधून खाली सतरंजीवर आडवे. नर्गिसनी काचपट्ट्या दाखवल्या, सगळं समजावून सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. साठी उलटली होती, पण पाठ ताठ, आवाज खणखणीत.

"फार सुंदर चित्रं आहेत," ते म्हणाले. "पण काचेवरच्या नळ्या म्हणजे माणूस नव्हे. हा द्रव निरोगी माणसाच्या अंगात घाला, तो याच तऱ्हेनं आजारी पडला तर मी मान्य करीन. नाहीतर हा फक्त महागडा खेळ आहे."

"त्या चाचणीला परवानगी मिळालेली आहे," नर्गिस म्हणाल्या. "शरीर ही उसनी प्रतिपिंडं दीड-दोन महिन्यांत मोडून टाकतं. माणूस पुन्हा पहिल्यासारखा व्हायला हवा. पण शंका घेणाऱ्यांपैकी कुणी पुढे येत नाही."

वैजयंती तिसऱ्या रांगेतून उठली.

"मग तुम्हीच घ्या ना, दादा."

सभागृह वळलं. दादांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. तिला उभी बघून ते क्षणभर गोंधळले. त्यांच्या आठवणीतली वैजयंती आडवीच असायची.

"तुमच्या मते त्यात काही नाहीच," ती म्हणाली. "पिवळं पाणी आहे. माझं सोंग आहे. माझ्याच पिशवीतलं घ्या. दोन महिने माझं सोंग तुम्ही करून दाखवा."

पत्रकारांचे कॅमेरे त्यांच्याकडे वळले. दादा मानी होते. मानी माणसाला चारचौघांत मागे फिरता येत नाही हे वैजयंतीला त्या घरात राहून पक्कं ठाऊक होतं. ती त्यावरच विसंबली होती.

"घेईन," दादा म्हणाले.

त्यांनी अध्यक्षपद तेवढ्यापुरतं सोडलं, सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि संस्थेच्या खाटेवर बाही वर करून पडले. वैजयंती दाराशी उभी होती. तिची पिशवी सळईला टांगलेली होती आणि त्यातलं पाणी थेंब थेंब त्यांच्या शिरेत उतरत होतं. अकरा वर्षं, असं तिच्या मनात येत होतं, अकरा वर्षं थेंब थेंब.

"पूर्ण विश्रांती घ्यायची," नर्गिसनी बजावलं.

"विश्रांती कशाला? रोजच्यासारखाच राहणार," दादा हसले. "नाहीतर पुरावा कसला?"

पहिला आठवडा ते रोजच्यासारखे राहिलेही. मग हॉस्पिटलमधून निरोप आला की साहेब आज रुग्ण तपासायला बसले नाहीत. मग, साहेब वर माडीवर जात नाहीत, खालीच झोपतात. मग ते फोन घेईनासे झाले.

त्याच सुमारास नर्गिसनी वैजयंतीला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"उंदरांवरचा एक नवा प्रयोग हाती आलाय. प्रतिपिंडं दिलेल्या उंदरांपैकी जे नुसते पडून राहिले ते सगळे बरे झाले. ज्यांना चाकावर पळवलं त्यांच्या वाहिन्या कायमच्या आवळल्या. प्रतिपिंडं निघून गेली तरी दारं उघडली नाहीत. दारावर नुसती कडी असताना आतून कुणी धक्के मारत राहिलं तर चौकटच वाकते, तसं काहीसं. सुरुवातीला तुम्हीही चालला होता, पण नंतर कित्येक वर्षं हलला नाहीत, तेवढ्यात वाहिन्या सावरल्या असाव्यात, म्हणून उपचाराला यश आलं." त्या पुढे झुकल्या. "डॉ. कारखानीस फोन उचलत नाहीत. आज तिकडचा माणूस म्हणाला, ते चालायला जातात म्हणून. मला परवापर्यंत इथून हलता येत नाही. तुम्ही जाल का मिरजेला? त्यांना एवढंच सांगा, एक पाऊलही चालू नका."

"सांगते," वैजयंती म्हणाली. आणि तेव्हा ती खरंच सांगणार होती.

कारखानिसांच्या बंगल्याचं दार ऋतानं उघडलं. अठरा वर्षांची, आईसारखीच उंच, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. जागरणानं डोळे लाल झालेले. तिनं आईला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आत या," ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं.

खालच्या खोलीत पडदे ओढलेले होते. दादा उताणे पडले होते. गालांची हाडं वर आली होती. कुणी आल्याचं कळून त्यांनी डोळे उघडले, पण मान वळवली नाही. वैजयंतीला त्याचा अर्थ माहीत होता. मान वळवायची म्हणजे किती खर्च, याचा हिशेब ते करत होते.

"वैजयंती," ते म्हणाले. "हे… रोज असंच असायचं?"

"रोज."

"दात घासले सकाळी. मग तासभर पडून राहिलो." त्यांनी ओठ ओले केले. "भाषण नको करूस. मी मान्य करणार आहे. समितीपुढे सांगणार आहे. खरं आहे हे."

या एका वाक्यासाठी ती जगत आली होती. ते कानावर पडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आत काही हललंच नाही. मान्य करणं फार स्वस्त होतं. दोन महिन्यांनी हा माणूस उठणार, सभागृहात उभा राहून मोठ्या मनानं चूक कबूल करणार, घरी येऊन जेवणार, माडीवर जाऊन झोपणार. तिची अकरा वर्षं, तिची नोकरी, ऋताच्या पहिल्या वेण्या, तिचं दहावीचं वर्ष, स्वतःच्या आईचं आजारपण, ज्यात ती आईला पाणी द्यायलासुद्धा उठू शकली नव्हती, ते सगळं एका कबुलीत फिटणार.

"मी चालतोय रोज," दादा म्हणाले. "फाटकापर्यंत. परवा पडलो. ऋता म्हणते थांबा. तिला कॉलेजात शिकवलंय की हालचाल चांगली, तरी म्हणते थांबा. तू सांग. तुझा अनुभव जास्त. थांबू का?"

नर्गिसचा निरोप जिभेवर होता. ऋता दाराशी उभी होती, आईच्या तोंडाकडे बघत.

"थांबायचं नाही, दादा," वैजयंती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही गोड वाटला. "आज दहा मिनिटं, उद्या अकरा. दमलात तरी थांबायचं नाही."

दादांनी आता मान वळवली. ते तिच्याकडे बघत राहिले. आपलेच शब्द त्यांना ओळखू आले असावेत.

"मीच सांगितलं होतं, नाही का," ते पुटपुटले. "ऋता, जरा हात दे."

वैजयंती व्हरांड्यात उभी राहिली. ते पायऱ्या उतरले, एकेका पायरीवर थांबत. मग अंगणातून फाटकाकडे निघाले. पाऊल टाकायचं, थांबायचं, गुडघे कापायचे. ऋतानं एक हात त्यांच्या कमरेत घातला होता. फाटकाशी पोचून त्यांनी गजाला धरलं आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिले. वैजयंतीला कधी नाही इतकं बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार पाणी घशाखाली उतरावं तसं. ती ते सुख मन भरेपर्यंत पीत राहिली.

निघताना ऋता तिच्यामागे रस्त्यापर्यंत आली.

"आई." आणि एवढ्यानंच तिचा बांध फुटला. "तुला असं व्हायचं? आणि मी… मी तुला म्हणायचे, ऊठ ना गं, नाटकं नको करूस. तुझ्या अंगावरची चादर ओढायचे मी."

वैजयंतीनं तिला जवळ घेतलं. लेकीच्या केसांना कोणत्या तेलाचा वास येतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर ती दर रविवारी मिरजेला जाऊ लागली. ऋता तिला स्टँडवर घ्यायला येई. दोघी बाजारात जायच्या, घरी येऊन स्वयंपाक करायच्या. ऋताला आमटीत गूळ जास्त लागतो, ती पोळीचे तुकडे करून मग खाते, अशा बारीकसारीक गोष्टी वैजयंती एखाद्या अधाशी माणसासारखी गोळा करत होती. संध्याकाळी ऋता काकांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत चालवायची. ते वैजयंतीला दिसत होतं. आता सांगावं, असं वाटायचं. पण आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणून ती आमटी ढवळत राहायची. आणि खरं तर, दादांचे गुडघे कापताना बघायचा तिला अजून कंटाळा आला नव्हता.

नर्गिस पुण्याच्या कामात अडकून पडल्या होत्या, अधूनमधून दादांचं रक्त तेवढं मागवून घेत होत्या. वैजयंतीनं त्यांना निरोप दिल्याचं सांगितलं होतं, तेवढ्यावर त्या निर्धास्त होत्या. दोन महिने उलटले आणि त्या स्वतः मिरजेला आल्या. दिवाणखान्यात यंत्र मांडलं, दादांना पायानं एक छोटं पेडल फिरवायला लावलं, पडद्यावर बघितलं. पुन्हा बघितलं.

"रक्तात प्रतिपिंडांचा मागमूस नाही," त्या म्हणाल्या. "कधीच निघून गेलीत. पण दारं उघडत नाहीत." त्या दादांच्या समोर खाली बसल्या. "डॉक्टर, तुम्ही चालत होता? मी निरोप पाठवला होता ना वैजयंतीताईंबरोबर? एक पाऊलही चालू नका म्हणून?"

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ऋता काकांच्या खुर्चीमागे होती. तिचा हात खुर्चीच्या पाठीवरून खाली आला.

दादांनी वैजयंतीकडे बघितलं. घाई न करता बघितलं. त्यांना सगळं समजल्याचं तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"मिळाला होता निरोप," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही. जन्माचा हट्टी."

नर्गिसनी कपाळाला हात लावला. मग सगळं बारकाईनं टिपून घेतलं. निघताना दारात म्हणाल्या, "हे सुधारेल की नाही मला सांगता येत नाही. पण तुमच्यामुळे एक गोष्ट माणसात सिद्ध झाली. आता कुठलाही डॉक्टर या रुग्णांना चालायला लावणार नाही."

त्यांची गाडी गेली तशी ऋता स्वयंपाकघरात आली. तिनं आवाज चढवला नाही.

"मी तिथेच उभी होते, आई. तू काय सांगितलंस ते मी ऐकलंय."

"ऋता, अकरा वर्षं—"

"मी हात धरून चालवलं त्यांना. रोज. ते नको म्हणाले त्या दिवशीसुद्धा. आई म्हणालीय ना, म्हणून चालवलं." "काकांनी तुझं वाटोळं केलं, मला मान्य आहे. पण त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

ऋता तिच्या शेजारून निघून गेली आणि वर माडीवर दार लागल्याचा आवाज आला.

वैजयंती दादांच्या खोलीत गेली. ते उताणे पडले होते, पहिल्या दिवशीसारखेच.

"का खोटं बोललात? माझ्यावर उपकार करायला?"

"उपकार?" दादांना हसू आलं, ते अर्ध्यावरच राहिलं. "तुझं नाव बाहेर आलं तर काय होईल, विचार केलास? लोक म्हणतील, घटस्फोटित बाईनं दिरावर सूड उगवला. निरोप दाबला, तसे आकडेही फिरवले असतील. नर्गिसबाईंचं सगळं काम पाण्यात. पुन्हा हा आजार मनाचा खेळ ठरेल." त्यांनी दम घेतला. बराच वेळ घेतला. "मला हा आजार खरा ठरायला हवाय, वैजयंती. तुझ्यासाठी नाही. आता मला झालाय."

"मी उद्या जाऊन सगळं सांगितलं तर?"

"सांग. सतरंजीवर झोपलेली ती माणसं आठव, आणि सांग."

ती उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. या माणसाला मी पाडलं, माझ्या हातांनी पाडलं, हे तिला एकदा तरी कुणाला मोठ्यानं सांगायचं होतं. आणि ते आता जन्मात कुणाला सांगता येणार नव्हतं.

पुढच्या सुनावणीला दादा चाकाच्या खुर्चीतून आले. खुर्ची ऋता ढकलत होती. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर शाल. ते थोडंच बोलले, थांबत थांबत. हा आजार खरा आहे. मी शेकडो रुग्णांना खोटं ठरवलं. मी त्यांना चालायला सांगितलं, आणि तोच सल्ला स्वतः पाळून मी इथे असा बसलोय. माझा सल्ला कुणीही पाळू नये.

सभागृह उभं राहिलं. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांनी आडवं पडून हात वर केले. समितीनं त्याच बैठकीत आजाराला मान्यता दिली, काचपट्टीची तपासणी सगळ्या सरकारी रुग्णालयांत करायचं ठरवलं. बाहेर कॅमेऱ्यांची गर्दी झाली. सत्यासाठी स्वतःचा देह पणाला लावणारा डॉक्टर, असं एक मुलगी माइकमध्ये सांगत होती. कुणीतरी दादांच्या गळ्यात हार घातला. हाराच्या वजनानं त्यांची मान पुढे झुकली.

तिसऱ्या रांगेत वैजयंतीही टाळ्या वाजवत होती. न वाजवून चाललं नसतं. शेजारच्या बाईनं डोळे पुसत तिला विचारलं, "तुमचे कोण ते?"

"थोरले दीर," ती म्हणाली.

"नशीबवान आहात हो."

गर्दी पांगल्यावर ती बाजूच्या वाटेनं बाहेर पडायला गेली, तर त्याच वाटेनं ऋता खुर्ची आणत होती. त्या दिवसापासून मुलगी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. फोन घेत नव्हती. वैजयंती भिंतीला चिकटून उभी राहिली. दादांनी हात किंचित वर केला, खुर्ची थांबली.

"वैजयंती," ते म्हणाले. गळ्यातला हार त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. "एक विचारायचं होतं. झालं का समाधान?"

चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. ते टोचून विचारत होते की खरंच विचारत होते, ते तिला कळलं नाही. ऋता खुर्चीमागे, खाली फरशीकडे बघत उभी होती. पण ती ऐकत होती.

"झालं होतं, दादा," वैजयंती म्हणाली. "तुम्ही माझ्यासमोर पहिल्यांदा फाटकापर्यंत गेलात ना, तेव्हा झालं होतं. अगदी पोटभर." तिला पुढचे शब्द शोधावे लागले. "टिकलं नाही."

दादांनी मान हलवली. मग डोकं खुर्चीच्या पाठीला टेकून डोळे मिटले. एवढं बोलण्यात त्यांची आजची ताकद संपली होती.

वाटेच्या टोकाला एक जड दार होतं, आपोआप मिटणारं. ऋतानं एका हातानं ते ढकलून बघितलं, खुर्ची अडली, दार परत आलं. तिनं पुन्हा ढकललं. पुन्हा परत आलं. ती तशीच पाठमोरी थांबली. खांदे वर-खाली होत होते.

"दार धर," ती मागे न बघता म्हणाली.

वैजयंती पुढे गेली आणि तिनं दोन्ही हातांनी दार धरलं.